नऊ मुलांची पाठशाळा



रविवारी सकाळी पाठशाळेत किती मुले येतात, हे विदर्भातल्या कोणत्याही लहान गावच्या जैन समाजाला विचारून पाहावे. उत्तराआधी एक उसासा ऐकू येतो. मग कारणे सांगितली जातात. तरुण कुटुंबे पुण्याला गेली, काही नागपूरला. जी राहिली त्यांची मुले इंग्रजी माध्यमात. रविवारी चित्रकला, अबॅकस, क्रिकेट. वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या गावी हा आकडा सध्या नऊ आहे. सर्वांत लहान मुलगी चार वर्षांची, सर्वांत मोठा मुलगा अकरा वर्षांचा. नऊ जणांसाठी एक खोली, एक सतरंजी, एक फळा आणि एक शिक्षिका.

समाजाच्या अलीकडच्या बैठकीत एका सदस्याने सूचना मांडली, की एवढ्या मुलांसाठी वेगळी पाठशाळा चालविण्यापेक्षा मोबाइलवर चालणाऱ्या एखाद्या मोठ्या वर्गाला ती जोडून द्यावीत. तिथे शेकडो मुले असतात, विद्वान शिकवितात, परीक्षा होतात, प्रमाणपत्रही मिळते. सूचना सद्भावनेची होती, हिशेबालाही धरून होती. निर्णय अजून व्हायचा आहे. मी आयुष्यभर बँकेत आकडेच पाहिले. तरीही या सूचनेला माझा विरोध आहे, आणि तो का, हे आज सविस्तर लिहावयाचे आहे.

लहान समूहात लहान मुलांची श्रद्धा कशी रुजते, हे मी काही वर्षे जवळून पाहिले ते आपल्या समाजात नव्हे. नोकरीच्या अखेरच्या काळात वाशिमला बदली झाली तेव्हा भाड्याच्या घराशेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहत असे. वाशिमला नाझरीन पंथाच्या ख्रिस्ती मंडळींचा मोठा इतिहास आहे. जुने लोक ज्याला अजूनही नुसते ‘मिशनचा दवाखाना’ म्हणतात, ते रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल त्यांनीच उभारलेले. तथापि शेजाऱ्यांची मंडळी अगदीच लहान, पंचवीस-तीस घरांची. घरातल्या बाई सेवानिवृत्त परिचारिका होत्या. सारा मोहल्ला त्यांना सिस्टर म्हणे. रविवारी उपासनेपूर्वी त्या बारा-तेरा मुलांची शब्बाथ शाळा घेत. मुले थंडीत अंगणात आणि पावसाळ्यात पडवीत बसत. माझी खिडकी त्या पडवीकडेच उघडत असल्याने, इच्छा असो वा नसो, मी त्या शाळेचा बाहेरचा विद्यार्थी झालो.

आता ‘रविवारची शाळा’ ही कल्पना मुळात धर्मशिक्षणापुरती नव्हती, हे अनेकांना ठाऊक नसते. १७८० च्या सुमारास इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स नावाच्या वृत्तपत्रकाराने कारखान्यांत राबणाऱ्या गरीब मुलांसाठी ती सुरू केली. आठवड्याचे सहा दिवस काम करणाऱ्या मुलांना रविवार तेवढा मोकळा मिळे; त्या दिवशी त्यांना अक्षरओळख व्हावी आणि त्याबरोबर चार चांगल्या गोष्टी कानावर पडाव्यात, एवढाच हेतू. आपल्याकडे मिशनऱ्यांबरोबर ती आली आणि मराठी मंडळींनी तिला आपलेसे करून घेतले.

सिस्टरांच्या शाळेत मला प्रथम जाणवली ती एक साधी गोष्ट. तिथे प्रत्येक मुलाला काही ना काही काम असे. चार वर्षांचा मुलगा गाण्याची पुस्तके वाटी. त्याला वाचता येत नसे, तरी कोणाच्या हातात पुस्तक नाही हे त्याच्या लक्षात येई. एक मुलगी चटया अंथरी, दुसरी घड्या घाली. आठ-नऊ वर्षांच्या मुलांपैकी एकजण त्या आठवड्याचे वचन पाठ म्हणे आणि पुढे उपासनेत मोठ्या माणसांसमोर तेच पुन्हा म्हणे. चुकले तर पहिल्या ओळीतली एखादी आजी हळूच पुढचा शब्द सांगे. टाळ्या नाहीत, बक्षीस नाही. मुलाला एवढे कळे, की आज माझ्यावाचून उपासना पुढे सरकली नसती.

मी एकदा सिस्टरांना विचारले, की मुले इतकी थोडी आहेत, शहरातल्या मोठ्या चर्चची मदत का घेत नाही? त्या म्हणाल्या, “भाऊ, बारा पोरं आहेत म्हणून तर मला कळतं, आज कोण घरून रडून आलंय.”

या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला. मोबाइलवरच्या वर्गात शेकडो चेहरे टपाल तिकिटाएवढे दिसतात. तिथे ज्ञान मिळेल, उच्चार सुधारतील, प्रश्नमंजूषा सुटेल. परंतु कोण रडून आले आहे हे शिक्षकाला दिसणार नाही. आणि पाच वर्षांच्या मुलाच्या मनात धर्म प्रथम उतरतो तो विचाराच्या रूपाने उतरतच नाही. ‘इथे मला ओळखतात’ या भावनेच्या रूपाने उतरतो. सात तत्त्वे पुढे दहाव्या-बाराव्या वर्षी कळू शकतात. ही ओळख चौथ्या-पाचव्या वर्षी झाली नाही, तर पुढे ती होणे कठीण असते.

मार्काच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. लोक आपली लेकरे येशूकडे घेऊन येत होते आणि शिष्य त्यांना दटावीत होते. येशूला ते आवडले नाही. त्याने लेकरांना येऊ द्यावयास सांगितले, त्यांना कवेत घेतले आणि आशीर्वाद दिला. सिस्टरांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा मला तत्काळ अतिमुक्तकुमार आठवला. श्वेतांबर आगमांत त्याची कथा येते. पोलासपूरचा हा राजपुत्र खेळता खेळता भिक्षेला निघालेल्या गौतमस्वामींना पाहतो, आपण कोण आणि कशासाठी फिरता असे विचारतो, आणि चक्क त्यांचे बोट धरून त्यांना आपल्या आईकडे घेऊन जातो. पुढे तो बालवयातच दीक्षा घेतो. एके दिवशी पाऊस पडून पाणी वाहू लागते. बालमुनी मातीची पाळ घालतो, आपले पात्र पाण्यावर सोडतो आणि ‘माझी नाव, माझी नाव’ म्हणून रमून जातो. हे पाहून वडीलधारे साधू साशंक होतात आणि भगवान महावीरांना विचारतात, की हा किती भवांनी मुक्त होईल? भगवान सांगतात, याच भवात. त्याची अवहेलना करू नका, त्याला रागावू नका, न कंटाळता त्याची सेवा करा.

दोन्ही कथांत शिष्यांना वाटते, की मूल हा धर्मकार्यातला अडथळा आहे. आणि दोन्ही कथांत ज्याच्याकडे खरा अधिकार आहे तो मुलाची बाजू घेतो. आपल्या मंदिरांतून मात्र मूल मोठ्याने हसले की चार माना वळतात, हे आपण सर्व जाणतोच. महावीरांनी नाव सोडणाऱ्या मुलाची सेवा करावयास सांगितले आणि आपल्याला अक्षता सांडणारे मूलसुद्धा खपत नाही!

येथवर सारे जुळते. पुढे मात्र आपला आणि त्यांचा मार्ग वेगळा होतो, आणि जैन आईबापांची खरी अडचण तिथेच सुरू होते. सिस्टर मुलांना सांगत, देव तुझ्यावर प्रेम करतो, तुझे ऐकतो, तुझ्या आजारी आजीला बरे करू शकतो. मुलाच्या मनाला हे लगेच कळते. त्याला असा एक मोठा मायाळू बाप हवाच असतो. आपण काय सांगणार? आपले अरिहंत वीतराग. ते कोणावर रुसत नाहीत आणि कोणाला काही देतही नाहीत. आमच्या पाठशाळेतल्या सहा वर्षांच्या मुलीने शिक्षिकेला अगदी सरळ विचारले, “भगवान काहीच देत नाहीत, तर मग आपण नमस्कार कशाला करायचा?”

हा प्रश्न आगाऊपणाचा नाही. जैन धर्माच्या गाभ्यालाच तिने हात घातला होता. पुष्कळ घरांत या प्रश्नाला दोन चुकीची उत्तरे मिळतात. एक म्हणजे, “असे विचारू नये, पाप लागते.” दुसरे म्हणजे, “देतात ना. अभ्यास कर, भगवान पहिला नंबर देतील.” पहिल्याने मूल विचारणे सोडते. दुसऱ्याने आपण त्याला जैन धर्म शिकवीतच नाही, भलतेच काही शिकवितो. आणि पहिला नंबर आला नाही की तेही कोसळते.

आमच्या शिक्षिका या गृहिणी आहेत, पंडिता नव्हेत. त्यांनी तिला उलट विचारले, “आपल्या नदीला पूर आला आणि पलीकडे जायचे असले तर?” मुलगी म्हणाली, पोहणारा माणूस पाहिजे. “आणि तो पोहून पलीकडे गेला, आणि त्याने आपल्यासाठी पायऱ्यांचा घाट बांधला, कुठून उतरायचे ते दाखवले, तर?” मुलगी म्हणाली, मग आपण त्याला थँक्यू म्हणू. बाई म्हणाल्या, “तोच नमस्कार. पोहायचे मात्र आपल्यालाच.” तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थ उतार, घाट असाच आहे आणि तीर्थंकर म्हणजे तो घाट करणारा. पंडितांनी तासभर व्याख्यान देऊन याहून अधिक काय सांगितले असते? अट एवढीच, की प्रश्न विचारणारी मुलगी आणि उत्तर देणारी बाई एका सतरंजीवर हवीत.

भाषेचा मुद्दाही येथेच येतो. मराठी ख्रिस्ती समाजाने मुलांच्या भाषेसाठी जे कष्ट घेतले त्यांची आपण मोकळेपणाने दखल घ्यावी. अमेरिकन मिशनने १८७३ साली ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक काढले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंगात आणि ओवीत आणली, त्यामुळे उपासनेतली गाणी मराठी मुलाला परकी वाटेनाशी झाली. आपल्या नऊ मुलांची स्थिती पाहा. मंत्र प्राकृत, स्तोत्र संस्कृत, पूजा हिंदी, पाठमाला हिंदी किंवा हिंदीवरून मराठीत आणलेली, शाळा इंग्रजी, आणि घरी आजीशी बोलायचे ते वऱ्हाडी. पाचपैकी एकाही भाषेत त्याला धर्माविषयी सहज दोन वाक्ये बोलता येत नाहीत.

णमोकार मंत्र प्राकृतातच राहिला पाहिजे, याविषयी वाद नाही. पण आपल्या पूर्वजांनी लोकभाषेचा कंटाळा केव्हाच केला नाही. याच जिल्ह्यातल्या कारंजाच्या शास्त्रभांडारांतून जे ग्रंथ डॉ. हिरालाल जैन यांनी जगापुढे आणले, त्यांत ‘सावयधम्मदोहा’ आहे. श्रावकाचा आचार अपभ्रंशात, म्हणजे तेव्हाच्या लोकांच्या बोलण्याजवळच्या भाषेत, लहान लहान दोह्यांत सांगितलेला. १९३२ साली तो कारंजाहूनच प्रसिद्ध झाला. त्याही पलीकडे जुन्या मराठीत गुणकीर्तींचे ‘धर्मामृत’ आहे. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची मंदिरे ज्या कारंजात आहेत, त्या कारंजाच्या परिसरातल्या मुलाला आज मराठीत अतिमुक्तकुमाराची चार पानांची चित्रकथा सहजासहजी मिळू नये, हे मला खटकते. आपण पाषाणाच्या कामाला देणग्या उत्साहाने देतो. पुस्तकाच्या छपाईला मात्र वर्गणी गोळा करावी लागते.

पुस्तकांच्या ओघात चित्रांविषयी थोडे. काही पाठशाळांत भिंतीवर नरकातल्या यातनांची रंगीत चित्रे लावलेली असतात. रात्री खाल्ले की काय होते, कंदमूळ खाल्ले की काय होते. चार वर्षांच्या मुलाला ती दाखवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. भयाने बटाटा सुटतो. पण वसतिगृहात गेल्यावर, कोणी पाहत नाही हे लक्षात आल्यावर, बटाट्याबरोबर मंदिरही सुटते. दया शिकविण्याला भीतीची गरज नसावी. पावसाळ्यात अंगणात गोगलगाय आली की तिला पानावर घेऊन कडेला ठेवणारे मूल अहिंसेचा पहिला पाठ शिकलेले असते. शाळेत मित्राने डब्यातला बटाटावडा पुढे केल्यावर त्याला न दुखावता ‘नको’ कसे म्हणावे, हा दुसरा पाठ. तो आम्ही पाठशाळेत नाटुकले करून शिकवितो. मुलांना ते फार आवडते, विशेषतः वडा पुढे करणाऱ्याची भूमिका.

बक्षिसांचेही तसेच. हजेरीला गुण, सूत्र पाठ केले की गुण, गुणांवर सायकल. बँकेतला माणूस म्हणून सांगतो, केवळ व्याजाकडे पाहून ठेवलेली ठेव मुदत संपताच उचलली जाते. शहरातल्या मोठ्या पाठशाळांना हे परवडते आणि त्यांची संख्याही त्यामुळे फुगते. आम्हाला ते परवडत नाही, हे आमचे भाग्यच समजावे.

मुले मात्र सारे पाहत असतात. शिकवितो तेच तेवढे पाहतात असे नाही. पाठशाळेच्या मुलांना घेऊन आम्ही मालेगाव तालुक्यातील शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला गेलो होतो. हे मंदिर १९८१ पासून कुलूपबंद होते आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडले. बेचाळीस वर्षे. ज्यांनी लहानपणी ते दार बंदच पाहिले, त्यांची स्वतःची मुले आता मोठी झाली. कोणाचे बरोबर, कोणाचे चूक, यात मी शिरणार नाही. ते न्यायालयाचे काम. बसमध्ये परतताना एका मुलाने विचारले, “आजोबा, भगवानांना कुलूप कोणी लावलं होतं?” मी म्हणालो, मोठ्या माणसांचे भांडण होते. त्याने लगेच विचारले, “मग त्यांनी क्षमावाणीला एकमेकांना सॉरी नाही म्हटलं?” बसमध्ये दोन्ही संप्रदायांची माणसे होती. सगळे खिडकीबाहेर पाहू लागले.

त्या वर्षीपासून आमच्या पाठशाळेत क्षमावाणीची रीत बदलली. पूर्वी मुले ओळीने येऊन वडीलधाऱ्यांच्या पाया पडत आणि क्षमा मागत. आता आधी मोठी माणसे मुलांची क्षमा मागतात. तीही मोघम ‘मन-वचन-कायेने’ अशी मागता येत नाही; मूल समोर बसलेले असते आणि वाट पाहत असते. एक वडील म्हणाले, “दिवाळीत तुझा फटाका मी रागाने पाण्यात टाकला, नीट समजावून सांगायला हवे होते.” मुलगा बराच वेळ विचार करून म्हणाला, “बरं.” नऊ मुलांच्या पाठशाळेत हे होऊ शकते. शेकडो मुलांच्या वर्गात होणार नाही.

संख्येचा आग्रह धरणाऱ्यांना मी कारंजाच्या गुरुकुलाचीही आठवण देईन. १९१८ साली ब्रह्मचारी देवचंदजी शहा यांनी, म्हणजेच पुढच्या काळातल्या मुनी समंतभद्र महाराजांनी, तिथे महावीर ब्रह्मचर्याश्रम सुरू केला. त्याच वाटेने १९३४ साली कुंभोजजवळ बाहुबलीचे गुरुकुल उभे राहिले. त्या संस्था पुढे मोठ्या झाल्या, पण त्यांचा पाया गुरूने मुलांबरोबर राहण्यात होता. निवासी गुरुकुल आज प्रत्येक गावी काढता येणार नाही, काढूही नये. लहान मुले आईबापांजवळच बरी. रविवारचा एक तास आपल्या हातात आहे. त्या तासात कोणी तरी प्रत्यक्ष समोर बसले पाहिजे.

आणि शक्यतो आईबापांनीही बसावे. सिस्टरांच्या मंडळीत मूल आणि घरची माणसे एकाच छपराखाली प्रार्थना करीत. आपल्याकडे मुलाला मंदिराच्या दाराशी सोडून गाडी वळते आणि तासाभराने हॉर्न वाजतो. ज्या घरात बाबा स्वतः कधी सामायिकाला बसत नाहीत, त्या घरातले मूल पाठशाळेला शिकवणीच्या वर्गांत जमा करते, आणि शिकवणीचे वर्ग दहावीनंतर संपतात.

बैठकीपुढे मी लेखी टिपण दिले आहे. पाठशाळा चालू राहावी. वेळ साडेनऊऐवजी आठची करावी, म्हणजे क्रिकेटशी तंटा उरणार नाही. प्रत्येक मुलाकडे मंदिरातले एक नेमलेले काम असावे, मग ते चंदन उगाळणे असो, शास्त्र ठेवण्याची चौरंगी पुसणे असो वा जिनवाणीची पुस्तके मोजून परत लावणे. आणि दर रविवारी एका घरातील आई किंवा वडील पूर्ण तास थांबतील अशी पाळी लावावी. मोबाइलवरचा वर्ग ज्यांना हवा त्यांनी तो सायंकाळी घरी अवश्य पाहावा. माझी त्याला हरकत नाही. खर्चाचे म्हणाल तर सतरंजी जुनी झाली आहे, तेवढी बदलावी लागेल.

वाचकांपाशी एक मागणे आहे. चार ते सहा वर्षांच्या मुलांना सांगता येईल अशी, दहा मिनिटांत संपणारी, कोणालाही नरकात न धाडणारी जैन कथा आपल्या आजीकडून ऐकलेली आठवत असेल, तर ती जशीच्या तशी, तिच्याच बोलीत लिहून या मासिकाच्या पत्त्यावर पाठवावी. वऱ्हाडी असेल तर फारच उत्तम. आमच्या शिक्षिकांकडच्या गोष्टी संपत आल्या आहेत, आणि ती चार वर्षांची मुलगी एकदा ऐकलेली गोष्ट पुन्हा चालवून घेत नाही.